सगळ्या जगात लालासाहेब

"उद्या साहेबांनी नुसतं बोट टेकवायचं. अमेरिका आपल्या दारात!" जवाहर मगदूम सरांनी स्टाफरूममध्ये चहाचा कप ठेवत जाहीर केलं.

सर मूळचे फिजिक्सचे. पण १९९८ साली विट्याबाहेरच्या त्या छोट्या सायन्स कॉलेजात पाच कॉम्प्युटर आले आणि पंख्याचा रेग्युलेटर दुरुस्त करता येतो, एवढ्या पुण्याईवर ते खातं सरांच्या गळ्यात पडलं! पाचही कॉम्प्युटर एका सर्व्हरला, सर्व्हर मोडेमला आणि मोडेम कॉलेजच्या एकुलत्या एक टेलिफोन लाइनला जोडलेला. सर्व्हरवरचा नेम सर्व्हर तर सरांनी स्वतः बसवलेला. नेम सर्व्हर म्हणजे काय, असं कुणी विचारायची खोटी, सर फुलून यायचे. "टेलिफोन एक्स्चेंजमधल्या बाईसारखं! आपण नाव सांगायचं, तिनं नंबर काढून द्यायचा."

इंटरनेटच्या उद्घाटनाला संस्थेचे अध्यक्ष लालासाहेब आले. सत्तरी ओलांडलेले, चौथीत शाळा सुटलेले. पण कॉलेजची एकेक खोली त्यांनी स्वतः उन्हात उभं राहून बांधून घेतली होती. कोशा फेटा सावरत ते खुर्चीत बसले आणि विंचवाला हात लावावा तसं बोट कीबोर्डजवळ नेलं.

"काय दाबू?"

केमिस्ट्रीच्या आम्रपाली बनसोडे मॅडमनी अमेरिकेतल्या एका विद्यापीठाचं नाव टाइप करून दिलं. लालासाहेबांनी बटण दाबलं आणि पडद्यावर फेटा, झुपकेदार मिशा आणि गुलाबाच्या हारासकट लालासाहेबच आले!

टाळ्यांचा कडकडाट!

"आँ? अमेरिकेत माजा फोटो?"

मगदूम सर खुर्चीमागून पडद्याकडं वाकले. हे तर आपल्याच कॉलेजचं पान!

"जपान बगा," लालासाहेब म्हणाले. जपानातही लालासाहेब. लंडनमध्ये लालासाहेब. मग ते जरा लाजत म्हणाले, "कवठे महांकाळला लागतंय का? सासरवाडी हाय आमची."

कवठे महांकाळच्या नावाचं पान तेव्हा त्रिभुवनात कुणी केलं नव्हतं. तरी ते उघडलं! आत हारासकट जावईबापू!

लालासाहेबांनी फेट्याच्या शेवानं डोळे टिपले. "सासऱ्यानं मला कवा दाराम्होरं उभं केलं न्हाई वो. ह्यो अडाणी, ह्याला पोरगी देऊन चुकलो म्हणायचा. आज आसाया पायजे हुता."

आता मात्र सरांना घाम फुटला. चूक त्यांच्या लक्षात आली होती. मोडेमला फोन लाइन जोडायच्या आधी चाचणीसाठी त्यांनी नेम सर्व्हरच्या फाइलीत एक चांदणी, म्हणजे * ही खूण, टाकली होती. चांदणीचा अर्थ, कुणी कुठलंही नाव विचारलं तरी याच मशीनचा नंबर सांग. ती काढायचीच राहिली! एक्स्चेंजमधली बाई जगातल्या प्रत्येकाला लालासाहेबांच्याच घरी जोडून देत होती.

सांगावं? त्या ओल्या डोळ्यांकडं बघून सरांची जीभ उचलेना. जेवणाच्या सुट्टीत गुपचूप दुरुस्त करू, असं त्यांनी ठरवलं.

पण लालासाहेब जेवतात कुठले! त्यांनी केबिनमधून कोइमतूरला फोन लावला. तिथं त्यांच्या भाच्याचं, सिद्धूचं, सोनं गाळायचं दुकान होतं. सिद्धू बिचारा गिऱ्हाइकं सोडून नेट कॅफेत पळाला आणि थोड्या वेळानं त्याचा उलट फोन आला.

"मामा, हितं तुमी कुटंच न्हाई!"

"मग तुमच्या गावचं इंटरनेट बिगाडलंय!" लालासाहेबांनी फोन आपटला.

तोवर सरांनी फाइल उघडून चांदणी खोडली आणि सुटकेचा श्वास सोडला. तेवढ्यात बनसोडे मॅडम आपल्या आईला घेऊन आल्या. बाळाबाई रहिमतपूरहून खास एस.टी.नं आल्या होत्या. त्यांचा मुलगा राजरत्न बहारीनला नोकरीला. तिथंच त्याला मुलगी झाली होती. आजीनं नात अजून पाहिली नव्हती. आज तिचा फोटो त्यानं ई-मेलनं पाठवला होता.

"बसा आजी, आता नात दाखवतो!" सर ऐटीत म्हणाले.

बाळाबाईंनी चष्मा पुसला, पदर सारखा केला. मॅडमनी मेलचं पान उघडलं.

"आगं बया!" बाळाबाई किंचाळल्या. "पोरीला मिशा?"

मागं उभे असलेले लालासाहेब मात्र खूष! "बगा, ह्यांच्या मेलात बी मीच!"

बाळाबाईंनी एकदा पडद्याकडं पाहिलं, एकदा मागं वळून पाहिलं. "आवं पावनं, माज्या नातीच्या जागंला तुमी कशापायी बसलाय?"

बनसोडे मॅडमनी सरांकडं पाहिलं. आता लपायला कोपरा उरला नव्हता.

"साहेब," सर कसंबसं म्हणाले, "चूक माझी आहे. हा फोटो अमेरिकेत नाही, जपानात नाही. फक्त या खोलीत आहे."

लालासाहेब हळूच खुर्चीत टेकले. "कवठ्यात बी न्हाई?"

"नाही, साहेब."

त्यांनी डोक्यावरचा फेटा उतरवून मांडीवर ठेवला. सरांना वाटलं, शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. शेवटी म्हातारा म्हणाला, "मग काडा की मला तितनं. आदी ह्या बाईस्नी त्यांची नात दावा."

फाइलीतली चांदणी गेली होती, पण चालू नेम सर्व्हरच्या डोक्यात जुनंच बसलं होतं. सरांनी तो बंद करून पुन्हा सुरू केला, तर आता त्याला एकही नाव ओळखू येईना. बाहेरच्या कुठल्या सर्व्हरला विचारायचं, तो नंबर सरांनी चुकीचा लिहिला होता! सरांनी आकडा आकडा पडताळला, कान लाल करून दुरुस्त केला, पाचही कॉम्प्युटर नव्यानं चालू केले. मॅडमनी मेलचं पान पुन्हा मागितलं आणि फोन लावता लावता मोडेम टाहो फोडून ओरडला! सकाळपासून तो एकदाही ओरडला नव्हता, आणि हे खुद्द सरांच्याही लक्षात आलं नव्हतं.

फोटो उतरायला लागला. स्वेटर विणत यावा तसा, एकेक ओळ. आधी काळंभोर जावळ. मग कपाळ. लालासाहेब कधी उठून गेले, कुणाला कळलंच नाही.

मग डोळे आले.

बाळाबाईंनी पडद्याला बोटं लावली. "राजरत्नाचं डोळं," त्या पुटपुटल्या. "जल्मला तवा आसाच बगत हुता, टकामका." मॅडमनी आईच्या खांद्यावर हात ठेवला. सरांनी उगाचच चष्मा पुसला.

नाकाचा शेंडा दिसू लागला आणि फोटो जागच्या जागी थांबला. सर माउस हलवतात, बटणं दाबतात, ढिम्म!

तेवढ्यात दारात लालासाहेब उभे.

"सिद्धूला सांगाया गेल्तो, तुजंच बरूबर हाय म्हणून. पर सर, आपला फोन बगा की जरा! उचलला, तर आत कोण तरी किंचाळाया लागलंय!"