पोत्यात अजून एकाची जागा

आमच्या गल्लीत दिवेलागणीला एक माणूस खांद्यावर पोतं टाकून पोरं पळवायला निघतो. चोरून मारून नाही, बायका स्वतः फोन करून त्याला बोलवतात. "अप्पा, सोन्या जेवंना बगा," एवढं म्हटलं की पलीकडून "आलो" येतं, आणि सोन्याच्या आईनं फोन खाली ठेवायच्या आत दारात खाकरण्याचा आवाज होतो. हे खाकरणंही साधं नाही. थंडीच्या दिवसांत उसाचा ट्रॅक्टर चालू होताना जसा आधी कुरकुरतो, मग गुरगुरतो आणि मग एकदम धडाडतो, तसं ते असतं. त्यानंतर दारात भुवया दिसतात. माणूस मागनं येतो.

"कोण जेवत न्हाय?"

घरात सगळं चिडीचूप.

"पोत्यात अजून एकाची जागा हाय."

बस्स. सोन्या ताट चाटून पुसून साफ करतो. अप्पा पोतं उचलतात आणि पुढच्या घरी जातात.

हे मन्मथअप्पा. नाव ठेवणाऱ्यानं चेहरा बघून ठेवलं नसावं. उंच, काळेकभिन्न, भुवया अशा की वर कुणीतरी दोन सुरवंट चिकटवून विसरून गेलंय. साखर कारखान्याच्या फाटकावर जन्मभर वॉचमन होते. तिथं ड्रायव्हर लोक त्यांना टरकून असायचे म्हणतात. रिटायर होऊन इथं जळकोटला आले, बायको वारली, मूलबाळ नव्हतंच. आमच्या घराला लागून त्यांचं दोन खोल्यांचं घर आहे, मध्ये एकच भिंत.

बागुलबुवाचं काम त्यांना दिलं कुणी, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. मग सोन्याच्या आईनं, शेजारच्या कमलवहिनींनी सांगितलं. आधी बायका नुसतंच म्हणायच्या, "गप खा, न्हायतर अप्पाला दीन." एक दिवस अप्पा दारावरून जाताना त्यांनी ते स्वतःच्या कानांनी ऐकलं. दुसरा कुणी असता तर भांडला असता. मी तर उंबऱ्यावर उभं राहून त्यांच्या सात पिढ्यांची खबर घेतली असती. अप्पा तसेच वळले. घरी गेले, पोतं घेऊन आले आणि म्हणाले, "नुसतं नाव कशाला घेता वहिनी? बोलवत जावा की."

तेव्हापासून सुरू झालं, आणि कसं? शिस्तीत! रस्त्यात कुणाचं लेकरू हसलं तर अप्पा हसणार नाहीत, तोंड फिरवतील. कडेवर घ्यायला दिलं तर घेणार नाहीत. लग्नाला जातील, अक्षता टाकतील आणि पंगत बसायच्या आत निघतील. कुणाच्या घरी चहासुद्धा नाही. मी एकदा विचारलं, तर मला बाजूला घेऊन, सरकारी गुपित सांगावं तसं म्हणाले, "बालाजी, बुवा जेवताना दिसला की संपलं. मग त्यो माणूस झाला. माणसाला कोण भितंय?"

आता माझी तक्रार सांगतो.

मी शेळ्यांचा व्यापारी. बापानं मला एक काठी दिली, शेळ्या माझ्या मी कमावल्या. आज माझा टेम्पो सोलापूर, हैदराबादला जातो. बाजारात मी खांद्यावरच्या गमजाखाली हात घातला की समोरच्याला घाम फुटतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, जनावराचा भाव आम्ही तोंडानं बोलत नाही. हातावर गमजा टाकायचा आणि त्याच्याखाली समोरच्याची बोटं धरून भाव सांगायचा. भोवतीच्या कुणाला कळत नाही. कबूल असेल तर हात दाबायचा, नसेल तर झटकायचा. झटकणाऱ्याला मी काय काय ऐकवतो, ते इथं लिहिण्यासारखं नाही. माझा आवाज चढला की शेळ्यासुद्धा ओरडायच्या थांबतात.

असा मी. आणि माझी पोरगी आरू, अजून बालवाडीत जाते, माझ्या हातून एक घास खात नाही.

ओरडलो तर म्हणते, "पप्पा, हळू बोला, तुमचा घसा दुखंल."

गोडीत घेतलं, "पाच घास खा," तर म्हणते, "एक."

"चार."

"एक."

"बरं, तीन. शेवटचं!"

त्यावर ती उठून चालायला लागते. दारापर्यंत जाते आणि मागं वळून बघते. ही युक्ती माझी आहे! बाजारात विकणारा अडून बसला की मी असाच शेळी सोडून चालायला लागतो. माझा धंदा माझ्याच पोरीनं माझ्यावर उलटवला, आणि मी ताट घेऊन तिच्या मागं मागं फिरत होतो.

मग माझी बायको रेखा भिंतीकडं तोंड करून हाक मारायची, "अप्पाऽऽ!" खाकरणं, भुवया, पोतं. आरू मुकाट्यानं अख्खी भाकरी खायची. गल्लीत बोललं जायचं, बालाजीचा दरारा बाजारात, घरात दरारा अप्पाचा. हे मी ऐकून घ्यायचं?

बरं, आयतं कुणाचं घ्यायची मला सवय नाही. म्हटलं, परतफेड करू. शेळीचं दूध पाठवलं, परत आलं. सणाला धोतरजोडी दिली, हात जोडून परत केली. मला कळेना. माणूस रोज गल्ली पालथी घालतो, घसा फाडतो, पोरांची नजर चुकवत फिरतो, आणि घेत काहीच नाही. यात त्याला मिळतं काय? ज्याला काही नको त्याच्याशी सौदा करायचा कसा? मी जनावराचे दात बघून त्याचं वय सांगतो, माणसाचे डोळे बघून त्याची गरज सांगतो. अप्पांचे डोळे भुवयांखाली दिसायचेच नाहीत.

मग एक दिवस घोळ झाला. आरू आणि सोन्या, दोघांनी एकाच वेळी ताटावर बंड केलं. अप्पा आधी आमच्याकडं आले, खाकरले, तेवढ्यात कमलवहिनींची हाक आली. "आलो," म्हणून अप्पा तिकडं धावले आणि घाईत पोतं आमच्या ओट्यावरच राहिलं. पोतं टम्म फुगलेलं. त्यात काल न जेवलेली पोरं असतात, हे गल्लीतल्या प्रत्येक लेकराला माहीत होतं.

मी आत हात धूत होतो. बाहेर आलो तर आरू ओट्यावर आडवी. पोत्याचं तोंड सुटलेलं आणि डोक्याखाली एक उशी. अभ्र्यावर रंगीत दोऱ्यानं भरलेले दोन राघू, चोचीला चोच लावलेले. एकाचा डोळा भरायचा राहून गेलेला.

अप्पा परत आले आणि जिथल्या तिथं थिजले.

"बुवा," आरू पडल्या पडल्याच म्हणाली, "तुमची उशी लई मऊ हाय. कुणी केली?"

अप्पा भुवया उचलायला गेले, पण त्या उचलल्याच गेल्या नाहीत. "म्हातारीनं," एवढंच बोलले. आरूचं डोकं अलगद उचलून उशी काढून घेतली, पोत्यात घातली आणि खाकरायचं विसरून निघून गेले.

आरूच्या तोंडात काही राहत नाही. दुसऱ्या दिवशी पोरांची रांग अप्पांच्या मागं लागली. "बुवा, राघू दाखवा! बुवा, उशी दाखवा!" अप्पांनी डोळे वटारले तर पोरांनी टाळ्या वाजवल्या. आठवडाभरात धंदा बसला. बायकांनीही फार वाट बघितली नाही. कमलवहिनींनी सोन्याच्या पुढ्यात मोबाईल धरला, गाणं लावलं, सोन्याचं तोंड आपोआप उघडलं. बघता बघता घरोघरी तेच झालं. बुवाला कुणी बोलवेना.

खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. एक स्पर्धक बाजारातून उठला! पण झालं उलटंच. संध्याकाळी मी जेवायला बसलो की भिंतीपलीकडून खाकरणं ऐकू यायचं. कुणासाठी नाही, नुसतंच. थोडं थांबून पुन्हा एकदा. घास माझ्या तोंडाशी थांबायचा आणि मला उगाच राग यायचा. कुणावर, ते कळायचं नाही. रेखावर ओरडायचो.

एका रविवारी मी ओट्यावर बसलो होतो. अप्पा आले, शेजारी टेकले. असे ते कधी टेकत नसत.

"बालाजी, एक सौदा हाय."

मी सावरून बसलो. शेवटी आला माणूस लाईनीवर! "बोला."

"तुझ्या आरूला जरा सांग... मला भ्यायला."

"काय?"

"खरं नगं. खोटं खोटं भिली तरी चालतंय. ती भिली की बाकीची भितील. तिचंच ऐकतेत समदी."

माझी मती गुंग झाली. पण सौदा म्हणजे सौदा. मी खांद्यावरचा गमजा काढून दोघांच्या हातांवर टाकला. "बोटं धरा. तुम्ही काय देणार ते कळू द्या."

गमजाखाली त्यांचा हात आला. मी थांबलो. आता बोट धरतील, मग धरतील. त्यांनी बोट धरलंच नाही. माझा अख्खा हात धरला आणि तसाच धरून ठेवला. एवढी वर्षं बाजारात काढली, हा भाव मला कुणी सांगितला नव्हता. किती म्हणायचे? एक? शंभर?

"अप्पा, आकडा?"

"मला न्हाय येत तुजी भाषा," ते रस्त्याकडं बघत म्हणाले. "म्हातारी गेल्यापस्नं 'जेवला का' म्हणायचं कोण ऱ्हायलं न्हाय. पर ह्या गल्लीत जेवायच्या टायमाला माजं नाव निगायचं. ह्या घरात अप्पा, त्या घरात अप्पा. मला भिंतीपलीकडं ऐकू यायचं. मग म्याबी बसायचो भाकर घिऊन. आता मोबाईलचा आवाज येतोय."

काही कळेनासं झालं की मी ओरडतो. "मग सरळ आमच्याकडं जेवायला येत जावा की! लेकरांना भ्या घालायची नाटकं कशाला?"

अप्पांनी हात काढून घेतला. "बुवा जेवताना दिसला की संपलं," म्हणाले आणि उठले.

त्याच दुपारी मी आरूपुढं सौदा मांडला. आधी एक फुगा, मग दोन, शेवटी जत्रेतला पाळणा कबूल केला. ती ऐकून घेत होती. "खोटं खोटं भ्यायचं?"

"व्हय."

"न्हाय."

"का?"

"त्यांच्याकडं राघू हायती," ती म्हणाली. जणू यापुढं बोलायला काही शिल्लकच नव्हतं. आणि दाराकडं चालायला लागली. या वेळी मागं वळूनही बघितलं नाही.

संध्याकाळी पानं वाढली. शेंगदाण्याची चटणी, वांग्याची भाजी, भाकरी. आरू मांडी घालून बसली आणि कुणी न सांगता जेवली. सगळं. मी बघतच राहिलो. इतके महिने जिच्या मागं धावलो, तिनं नेमकं आजच अख्खं ताट संपवलं! आता अप्पांना कशासाठी बोलवायचं? भिंतीपलीकडं एक खाकरणं झालं. मग काहीच नाही.

मी ताट पुढं सरकवलं.

"मी जेवत न्हाय," मी म्हटलं.

रेखानं चमकून बघितलं. "का? भाजीत मीठ जास्त झालं का?"

"मीठ बरोबर हाय."

"मग कुणाशी भांडून आलाव?"

"कुणाशी न्हाय! मी जेवत न्हाय म्हणजे न्हाय!" बाजारातल्या आवाजात, भिंतीकडं तोंड करून ओरडलो. बैलबाजाराच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जावं असा आवाज होता तो.

रेखा कपाळाला हात लावून बघायला आली, मला ताप तर नाही ना. पण आरूचे डोळे चमकले. ती उंबऱ्यावर धावली. "बुवाऽऽ! पप्पा जेवंनात! पोतं आणा!"

बराच वेळ काही झालं नाही. मग कुरकुरलं. मग गुरगुरलं. मग धडाडलं. दारात भुवया आल्या.

"कोण जेवत न्हाय?"

"मी," मी म्हटलं.

अप्पांनी माझ्याकडं खालून वर बघितलं. वजनाचा अंदाज घेतला असावा. "पोत्यात अजून एकाची जागा हाय."

"मी इतका सहज जायचा न्हाय. आधी सौदा." मी गमजा पसरला. "बसा हितं."

ते पोतं टेकवून बसले. गमजाखाली मी त्यांचं एक बोट धरलं आणि त्याच हातानं माझं एक बोट त्यांच्या मुठीत दिलं. एक घास माझा, एक तुमचा. एवढी सोपी बोली मी आयुष्यात केली नव्हती. ते गमजाकडं बघत राहिले, मग रेखानं वाढलेल्या दुसऱ्या ताटाकडं, मग उघड्या दाराकडं. दाराबाहेर सोन्या आणि आणखी दोन पोरं डोकावत होती. अप्पांचा हात सैल पडला. आता झटकणार, मी ओळखलं.

तेवढ्यात आरू उठली. पोरांना म्हणाली, "जावा रे, बुवा लई चिडलेत." मग तिनं दार लोटलं, टाचा उंचावून कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.

"आता कुणी बगत न्हाय," ती म्हणाली.

गमजाखाली माझा हात दाबला गेला.