शोकेसला कंप नसतो

मास्तरांनी साखरेचा डबा उघडला, चमच्याच्या पाठीने आतली साखर सपाट केली आणि तिच्यावर करंगळीने एक सरळ रेघ ओढली. रेघ मोडलेली दिसली की चोर सापडला. चोर म्हणजे त्यांचीच बायको. तिची साखर डॉक्टरांनी केव्हाच बंद केली होती, आणि तरी आपण बाहेर पडलो की ती रोज सकाळी चहात साखर ढवळून पिते, असा मास्तरांना पक्का संशय होता. संशय घरातल्या कोणी घातला नव्हता. तो घातला होता एका कपाने.

या कपाची हकिगत सांगायला हवी. बायकोच्या, म्हणजे सगळ्यांच्या काकूंच्या, हातांना कंप सुटला तेव्हा मास्तर शाळेत व्यायाम शिकवत होते. सगळी हयात मुलांना ‘दौडके चल’ म्हणण्यात गेलेल्या माणसाला डॉक्टरांनी सांगितलं, की या दुखण्यावर संशोधन चालू आहे, पण त्याला वेळ लागतो. मास्तरांना ‘वेळ लागतो’ हे वाक्यच सहन होत नसे. निवृत्त झाल्यावर त्यांनी अशाच रुग्णांची कुटुंबं गोळा केली, सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची एक खोली घेतली आणि संस्था काढली. संस्थेचं काम एकच, संशोधकांच्या मागे लागणं. ते कोणाच्या मागे लागले की पुढचा माणूस एकतर पळायचा नाहीतर काम करायचा. मास्तरांना दोन्ही चालत असे, कारण दोन्हींत वेग होता.

असाच त्यांनी एक तरुण इंजिनिअर कामाला लावला होता. त्याने हात कितीही हलला तरी आतला चहा स्थिर राहील असा कप बनवला. कपात कप होता, आणि आतल्या कपाच्या बुडात एक यंत्र. चहा किती हिंदकळला ते यंत्र संस्थेच्या संगणकाला आपोआप कळवायचं. आठ रुग्णांना आठ कप वापरायला द्यायचे ठरले.

कप वाटायच्या दिवशी मास्तरांनी खिशातली जुनी शिट्टी वाजवून सगळ्यांना गप्प केलं आणि भाषण ठोकलं. “हा साधा कप नाही. याच्या पोटात यंत्र आहे. याला जपा. हा फुटला तर संशोधन पाच वर्षं मागे जाईल, आणि आपली वयं बघता पाच वर्षं इथे कोणाकडे शिल्लक आहेत?” आठही जणांनी कप तान्ह्या बाळासारखे घरी नेले. इंजिनिअर काहीतरी सांगायला उभा राहिला होता, पण तोवर दुसरी शिट्टी झाली आणि सभा संपली.

काही आठवड्यांनी संगणकावर जे दिसलं ते बघून इंजिनिअरने चष्मा पुसून पुन्हा घातला. आठही रेघा सपाट. चहा हिंदकळतच नव्हता.

“सर, हे जरा जास्तच चांगलं वाटतंय,” तो म्हणाला.

“चांगलं कधी जास्त होतं का?”

“आणि ही बघा काकूंची रेघ. रोज सकाळी एकदाच, थोडीशी गोल गोल हालचाल. साखर ढवळत असतील.”

मास्तर ताठ झाले. “ती बिनसाखरेचा पिते.”

इंजिनिअरने घाईने दुसरी रेघ उघडली. संसाराच्या बाबतीत तो नवखा असला तरी मूर्ख नव्हता.

म्हणून ती साखरेवरची रेघ. दुसऱ्या दिवशी मास्तर संस्थेतून घरी आले ते थेट डब्याकडे गेले. रेघ जशीच्या तशी होती. आणि संगणकावर मात्र सकाळची गोल गोल हालचालही होती. तिसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशी तेच. मास्तरांनी विचार केला. साखर घेतली जातेय, म्हणजे रेघ मोडतेय. रेघ जागेवर आहे, म्हणजे ही पुन्हा ओढतेय. पण इतकी सरळ रेघ? जिला कुलपात किल्ली घालता येत नाही तिने ओढलेली?

आणि मास्तरांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कप नुसता चहा सांभाळत नव्हता. कप हात बरे करत होता.

खरा संशोधक इथे थांबून आणखी महिनाभर तपासत बसला असता. मास्तरांनी फोन उचलला. त्यांनी तो थेट एका मोठ्या विश्वस्त संस्थेच्या अध्यक्षबाईंना लावला. कप उपयोगी ठरला तर तो गावोगावच्या दवाखान्यांत पोचवायची तयारी या बाईंनी दाखवली होती. त्या वर्षअखेरीला पाहणीला येणार होत्या.

“वर्षअखेर कसली? येत्या सोमवारी या,” मास्तर म्हणाले. “हात बरे व्हायला लागलेत. माझ्या घरात पुरावा आहे.”

पुरावा साखरेच्या डब्यात आहे हे त्यांनी सांगितलं नाही.

सोमवार उजाडला. रोजच्यासारखा मास्तरांनी काकूंना सकाळचा चहा स्वतःच्या हाताने पाजला. या एका चहाचा हट्ट त्यांनी सोडला नव्हता, तो साध्या कपातून आणि त्यांच्याच हातून. नंतरचे चहा काकूंनी संस्थेच्या कपातून स्वतः प्यायचे असं ठरलं होतं. “दुपारी तुला न्यायला येतो,” असं सांगून ते बाहेर पडले, घराला वळसा घालून मागच्या दाराने आत आले आणि स्वयंपाकघराच्या पडद्यामागे उभे राहिले. बायको स्वतःच्या हाताने चहा पिताना त्यांना एकदा बघायचं होतं. साखर घेतली तरी आज ते काही बोलणार नव्हते.

काकू बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून होत्या. सूनबाई हातात फडकं घेऊन आल्या, शोकेस उघडली, चिनीमातीच्या हत्तीशेजारचा संस्थेचा कप अलगद बाहेर काढला, फडक्याने गोल गोल पुसला आणि परत हत्तीशेजारी ठेवून दिला.

मास्तर पडद्यासकट बाहेर आले. “हा कप इथे काय करतोय?”

सूनबाई दचकल्या. “बाबा, तुम्हीच म्हणालात ना, जपा म्हणून? रोज धूळसुद्धा बसू देत नाही मी.”

“मग ही चहा कशातून पिते?”

सूनबाईंनी काकूंकडे बघितलं. काकूंनी खिडकीकडे बघितलं. “पीतच नाही,” सूनबाई हळूच म्हणाल्या. “तुम्ही सकाळी पाजता तेवढाच. मी पाजते म्हटलं तर नको म्हणतात.”

मास्तरांनी डोक्यावरचा पडदा ओढून काढला. या बाईला दिवसाचे चार चहा लागायचे. दुपारचा चहा तर बहिणीकडे, गल्लीच्या टोकाला, दोघी तास तास हसत बसायच्या. हात बिघडले तसं तिथे जाणं बंद झालं. बहीण पाजायला तयार होती, पण काकूंना ते नको होतं. कप मिळाला तेव्हा मास्तर छाती पुढे काढून म्हणाले होते, “आता बघ, पुन्हा बहिणीकडे जाऊन आपल्या हाताने चहा पिशील.” त्यानंतरही त्या गेल्या नाहीत, हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. त्यांचं सगळं लक्ष साखरेवर होतं.

“अगं, मला सांगायचंस तरी.”

“काय सांगू? फुटला असता तर तुमचं संशोधन पाच वर्षं मागे गेलं असतं,” काकू म्हणाल्या. “तुम्ही किती धावता ते बघते ना मी.”

मास्तरांनी उरलेल्या सात घरी फोन लावले. एकाने कप कपाटात मऊ शालीत गुंडाळून ठेवला होता. एका आजोबांनी तो बँकेच्या लॉकरमध्ये ठेवला होता आणि पावती जपून ठेवल्याचं ते अभिमानाने सांगत होते. बाकीच्यांकडे शोकेसच होती. कपाला एकाही घरी चहाचा थेंब लागला नव्हता.

अध्यक्षबाई ठरल्या वेळी संस्थेत आल्या. भिंतीवर आठ सपाट रेघा मोठ्या करून लावल्या होत्या, आणि इंजिनिअर नवा शर्ट घालून त्यांच्या शेजारी उभा होता. मास्तर काकूंना घेऊन आत आले. गप्प राहिलं तर आजच्या आज मान्यता मिळेल, हे त्यांना दिसत होतं. आयुष्यात पहिल्यांदा वेग त्यांच्या बाजूने होता. त्यांनी सवयीने शिट्टी तोंडात धरली, काढली, आणि न वाजवताच खिशात टाकली.

“बाई, या रेघा खोट्या आहेत,” ते म्हणाले. “कप कोणी वापरलेच नाहीत. मी असं भाषण केलं की सगळ्यांनी ते जपून ठेवले.”

इंजिनिअरचा चेहरा नव्या शर्टाइतका पांढरा पडला. अध्यक्षबाईंनी भिंतीवरच्या आठही रेघांवरून नजर फिरवली.

“म्हणजे शोकेसला कंप नसतो, एवढं सिद्ध झालं,” त्या म्हणाल्या. “हेही कोणीतरी तपासायला हवं होतंच. आता एकदा चहा मागवा.”

खालच्या दुकानातून चहा आला. शोकेसमधून आणलेल्या संस्थेच्या कपात ओतला. काकूंनी हात पुढे केला, दांडा धरला, उचलला. दांडा हातात नाचत होता, पण आतला चहा खरंच शांत होता. काकूंनी कप तोंडाला लावला, आणि कपाची कड नाकावर आपटली. त्यांनी मान मागे नेली, ती पुरेशी जाईना. तेवढ्यात अरुंद दांड्यातून बोट निसटलं, चहा अध्यक्षबाईंच्या मांडीवर गेला, आणि कप जमिनीवर पडून गडगडत थेट जिन्यावरून खाली, सायकलवाल्याच्या दुकानात जाऊन थांबला.

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. “गेली पाच वर्षं,” ते पुटपुटले.

इंजिनिअर खाली जाऊन कप घेऊन आला. त्याला साधा चरासुद्धा पडला नव्हता.

“हा फुटला कसा नाही?” मास्तरांनी विचारलं.

“तो फुटत नाहीच सर. गच्चीवरून टाकून बघितलाय मी.”

“मग हे त्या दिवशी सांगता आलं नाही तुला?”

“उठलो होतो सांगायला,” तो म्हणाला. “तुम्ही शिट्टी वाजवली.”

अध्यक्षबाई रुमालाने मांडी पुसत होत्या. “आज मान्यता नाही,” त्या म्हणाल्या. “कप दुरुस्त करा, वापरा, मग मी परत येते. आणि तेव्हा चहा जरा निवलेला असू द्या.” मग त्या काकूंकडे वळल्या. “तुम्हाला काय वाटतं, काय बदलायला हवं?”

काकूंनी आधी मास्तरांकडे बघितलं. मास्तर बोलले नाहीत, हे विशेष. “दांड्यात चारही बोटं बसायला हवीत,” काकू म्हणाल्या. “नाकासाठी कड खाली घ्या. आणि रंग बदला. लहान बाळाच्या दुधाच्या कपासारखा दिसतो, बहिणीसमोर काढायची लाज वाटते.” इंजिनिअर त्यांच्या पायाशी बसला आणि त्यांच्या बोटांची मापं घ्यायला लागला. इतके दिवस तो रेघा बघत होता, हात आजच बघत होता.

काही महिन्यांनी नवे कप आले, गडद निळे, रुंद दांड्याचे. या वेळी दांड्यातही एक यंत्र होतं, म्हणजे हात किती हलतो तेही कळणार होतं. मास्तरांनी पुन्हा भाषण केलं. “आपटा, पाडा, खरकटा ठेवा. ज्याच्या घरी हा शोकेसमध्ये दिसेल त्याची गाठ माझ्याशी आहे.” लॉकरवाले आजोबा थोडे हिरमुसले.

एका दुपारी इंजिनिअरचा घाबऱ्या आवाजात फोन आला. “सर, काकूंच्या दांड्याची रेघ कागदाबाहेर चाललीय. असा कंप मी बघितलेला नाही. दुखणं अचानक वाढलं की काय?”

मास्तर चपला न घालताच निघाले. काकू घरी नव्हत्या. ते गल्लीच्या टोकाला धावले, या वयात शाळेतल्या पोरांना लाजवील असे. बहिणीच्या दारात पोचले तेव्हा आतून काकूंचा आवाज येत होता.

“...आणि पडद्यासकट बाहेर आले गं. डोक्यावर पडदा, आणि मला विचारतात, कप इथे काय करतोय!”

बहीण पोट धरून हसत होती. काकू तिच्यापेक्षा जास्त हसत होत्या. त्यांच्या हातात निळा कप होता, आणि त्या हसण्याने तो वेड्यासारखा नाचत होता. आतला चहा शांत होता. काकूंनी तो तोंडाला लावून एक घोट घेतला, आणि पुढची गोष्ट सुरू केली, साखरेच्या डब्याची.

मास्तर उंबऱ्याबाहेरच थांबले. त्यांनी फोन कानाला लावला.

“दुखणं नाही रे,” ते म्हणाले. “ती हसतेय.”

“बरं, बरं. पण सर, रेघ फारच वर जातेय. पुढच्या कपात हे कमी करायचं का?”

“नको,” मास्तर म्हणाले. “तिला हसायला किती वेळ लागायचा तो लागू दे.”