हौदास मायना लाविला त्याची हकीकत

श्री वायुदेवता समर्थ. जो डोळ्यांस दिसत नाही, परंतु ज्यावाचून श्वास चालत नाही आणि हल्ली निरोपही चालत नाही, त्या वायूस प्रथम नमन. मग हकीकत पुसणारांस नमन. आणि ऐकणारांनी मध्येच शंका काढू नये, इतकी विनंती. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध पंचमीपासोन वर्तमान जाहले ते ऐसे. एक राज्य होते. नाव लिहीत नाही, कारण तेथील चिटणीस अद्याप हयात आहेत आणि त्यांची दृष्टी उत्तम आहे. राज्य उंच गडावर आणि गडावर पाण्याचा थेंब नाही. पायथ्यास तळे, तळ्यावर पंप, आणि पंपाने पाणी चढे ते माथ्यावरील थोर हौदात पडे, आणि मग नळाने सात पेठांस जाई. त्या हौदावर सटवाजी हौदकर म्हणोन सेवक, पिढीजात वतनदार. त्यांचे काम इतकेच जे, सकाळ-संध्याकाळ हौदात डोकावावे, आणि पाणी उतरले असता तटावर येऊन खाली पंपवाल्यास लाल फडके दाखवावे, आणि मग घोंगडे पसरोन निजावे. लोक म्हणत, सटवाजी सदा निजलेले. सटवाजी म्हणत, "पाणी आहे तोवर मी जागून काय त्यास राखण करू? ते काय पळून जाते?"

पुढे युवराजांचे लग्न ठरले आणि महाराज सून पाहावयास व्याह्यांचे राज्यी गेले. तेथे दालनात शिरले तो दिवे आपले आप लागले, आणि निघाले तो विझले, आणि व्याही मिशीवरोन हात फिरवीत बोलिले, "आमच्या वस्तू आपसांत बोलतात." महाराजांनी सून एकदा पाहिली आणि दिवे सातदा पाहिले. मग गडावर परत आले ते जेवले नाहीत, आणि सदरेवर बसोन आज्ञा केली जे, "माघात मुलीकडील वऱ्हाड गडावर येईल, त्याचे आत आमच्याही वस्तू बोलल्या पाहिजेत. आणि व्याह्यांच्या वस्तूंहून अधिक बोलल्या पाहिजेत." मग इभ्राम कारीगर म्हणोन बिनतारी विद्येत निपुण असामी होता त्यास बोलाविले, आणि त्याने दिव्यांचे खांब, कोठाराची दारे, वेशीचा दरवाजा ऐशा शंभर वस्तूंस सेन्सर बसविले, आणि त्यांची यादी करोन प्रत्येकास अनुक्रमांक दिला, आणि परक्याने मध्येच बोलू नये म्हणोन परवलीचा शब्द शिकविला. त्या शंभरांतच हौदाच्या छतासही सुपारीएवढा सेन्सर लटकाविला. तो मनुष्यास ऐकू न येणारा आवाज पाण्यावर टाकी, आणि आवाज फिरोन येण्यास किती वेळ लागला त्यावरोन पाणी किती खोल ते जाणे.

सटवाजी खाली उभे राहोन हे पाहात होते. म्हणाले, "म्हणजे माझ्यासारखा डोकावतो, इतकेच. पण सांगतो कसा? ह्याजपाशी फडके कोठे आहे?" इभ्राम बोलिला, "बाबा, हा हवेतून सांगतो. पण आवाज लहान, तटापलीकडे पोहोचत नाही. म्हणून जवळचा दिव्याचा खांब ऐकतो, तो पुढच्या खांबास सांगतो, तो बुरुजावरच्या राउटरास, आणि राउटर सांगतो समुद्रापारच्या दप्तरास. तिथे ठरते की पंप चालवायचा, आणि मग हुकूम तसाच उलटा येतो." सटवाजींनी तटावरोन खाली पाहिले. तळे दिसत होते, पंप दिसत होता, पंपवाला तंबाखू मळीत होता तोही दिसत होता. म्हणाले, "इथून तिथे निरोप द्यायला समुद्र ओलांडायचा." "पापणी लवेतोवर जाऊन येतो, बाबा." "आणि दिवसभर हा असाच बडबडणार?" "छे. बॅटरी चण्याएवढी आहे. घटकेस एकदा जागा होतो, 'सात हात' म्हणतो, की 'तीन हात' म्हणतो, दोन शब्द, आणि परत निजतो. असा निजला तर बॅटरी दोन वर्षे जाते. आणि हवेतली वाटही अरुंद. एक बोलत असला की बाकीच्यांनी खोळंबायचे. जो थोडके बोलेल तो सर्वांस बरा." हे ऐकोन सटवाजींचा राग उतरला आणि सेन्सराकडे मान वर करोन बोलिले, "हा आमच्याच घराण्यातला निघाला."

दुसरे दिवशी इभ्रामाने सदरेवर लाविलेल्या यंत्राच्या पडद्यावर हौदाचा पहिला निरोप उमटला, "सात हात." तो विसोपंत चिटणीस यांनी वाचिला आणि त्यांची पगडी एक बोट मागे सरकली. त्या राज्याची चाल ऐसी होती जे, हुजुरांस कोणी काही सांगणे ते पूर्ण मायना बोलल्यावाचून सांगू नये. मायना दोनशे अक्षरांचा, आणि तो राखण्याचे वतन विसोपंतांचे घरी, आणि मायन्यातले एक अक्षर गाळील त्याचे वतन जप्त. मागे एकदा शत्रू चाल करोन आला, ती खबर देणारा जासूद चौथ्या विशेषणावर होता तो शत्रू सदरेत येऊन उभा राहिला, परंतु जासूदाने मायना पुरा केला, आणि शत्रूनेही तो अदबीने ऐकोन घेतला, ऐसे त्या राज्यात अभिमानाने सांगत. तेव्हा विसोपंत बोलिले, "सात हात. कोणाचे सात हात? कोण सांगतो, कोणास सांगतो? हा हौद हुजुरांशी गवळ्यासारखा बोलतो." इभ्राम बोलिला, "पंत, ह्याच्या एका खेपेत पन्नासच अक्षरे मावतात. मायन्यास चार खेपा लागतील आणि मजकूर पाचवीत येईल." "मग पाचवी खेप हुजुरांसमोर बोडकी येणार काय? प्रत्येक खेपेस मायना लावा." "मग मजकुरास जागाच उरत नाही, पंत." "नसेल जागा तर मजकूर बाहेर थांबेल. मोठमोठे सरदार थांबतात." मग महाराजांनी मध्यस्थी केली जे, निरोपास एकच मायना पुरे. त्यावर पंत बोलिले, "आणि हा निजतो असे ऐकिले. सरकारी चाकरीत निजणे हे एका सटवाजीचे आम्ही चालवून घेतो, शंभरांचे कसे घेणार?" मग आज्ञा जाहली जे, कोणत्याही सेन्सराने डोळा मिटू नये. महाराज संतोष पावले, कारण आता आपल्या वस्तू व्याह्यांच्या वस्तूंहून अधिक बोलणार. मग पंतांनी पंपवाल्यास घरी धाडिले आणि पंपास कुलूप घातले आणि नेम केला जे, हुजूरआज्ञेवाचून हाताने कळ फिरवू नये. आणि हौदाच्या झाकणावर लाखेची मोहर केली, कारण यंत्र पाहात असता मनुष्याने डोकावणे म्हणजे यंत्रावर अविश्वास, आणि यंत्र सरकारी.

तेव्हापासोन गडावर हवेत जी गर्दी जाहली ती काय वर्णावी. शंभर वस्तू "श्रीमंत सकलगुणालंकृत" म्हणोन एकदम सुरू होत आणि एकमेकींचे बोलण्यावर बोलणे पडोन दोन्ही फुकट जात, आणि मग दोघी थांबत, आणि मग पुन्हा "श्रीमंत" पासोन आरंभ. संध्याकाळी दिवे लावण्याचा हुकूम निघे तो दुसरे दिवशी दोन प्रहरी खांबास पोहोचे, आणि भर उन्हात दिवे लागत, आणि लोक म्हणत, वैभव आहे. वेशीचा दरवाजा उघडण्यापूर्वी इतका वेळ नमन करी की भाजीवाल्या बायका तेथेच बाजार मांडू लागल्या. कोणी वाईट म्हणेना. एक सटवाजी तेवढे चिटणिसांकडे गेले आणि बाहेर उभे राहोन बोलिले, "पंत, त्यास निजू द्या. आणि दोन शब्दच बोलू द्या. अशाने तो मरेल." पंत बोलिले, "सटवाजी, तुम्ही हे आपल्यावरून सांगता." सटवाजी बोलिले, "होय, पंत. आपल्यावरूनच सांगतो." पंत हसले आणि त्यांस पानसुपारी दिली.

मग माघ शुद्ध दशमीस वऱ्हाड आले. पाच हजार माणूस, सात हत्ती, आणि व्याही मिशीस तूप लावोन. सदर भरली, आणि मुदपाकखान्यात चाळीस चुलींवर चाळीस हंडे चढले, आणि तो पडद्यावर हौदाचा निरोप उमटू लागला: "श्रीमंत सकलगुणालंकृत, अखंडितलक्ष्मीप्रसन्न, शत्रुगजकेसरी, गडकोटभूषण महाराज साहेबांचे सेवेसी, आज्ञाधारक हौद, कृतानेक दंडवत घालोन" इतके उमटोन थांबले. सर्वांनी माना डोलाविल्या. व्याही बोलिले, "तुमचा हौद आमच्या प्रधानाहून बरा बोलतो." महाराजांस धन्य वाटले. कोणासही ठाऊक नव्हते जे, त्या शब्दावर हौदाच्या सेन्सराची बॅटरी संपली, आणि जे सांगावयाचे होते ते त्याचे पोटातच राहिले.

सटवाजी तेव्हा मुदपाकखान्याच्या नळाशी होते. नळ खोकला, आणि थोडी हवा आली, आणि मग काहीच आले नाही. आचारी म्हणाला, "हौदकर, तांदूळ वैरून झाले. पाणी अर्धेच पडले आहे." सटवाजी धावत वर गेले, हौदाच्या भिंतीस कान लाविला आणि थाप मारिली, तो आत रांजणासारखा पोकळ आवाज जाहला. मग ते तीनशे पायऱ्या उतरोन सदरेच्या दाराशी आले. चोपदार हळूच बोलिला, "बाबा, मायना." सटवाजींचे वय अडुसष्ट, आणि छाती भात्यासारखी हालत होती. त्यांनी आरंभ केला, "श्रीमंत सकलगुणालंकृत, अखंडित…" आणि श्वास सरला. पुन्हा "श्रीमंत" पासोन आरंभिले, कारण मध्यापासोन धरण्याची चाल नाही, आणि पुन्हा त्याच ठिकाणी सरला. विसोपंत बोटे मोजीत समोर उभे होते. खिडकीतून मुदपाकखान्याचा धूर दिसू लागला. वतन आजोबा-पणजोबांचे, घर वतनाचे, घोंगडे अंथरावयाची जागा वतनाची, हे सर्व सटवाजींचे डोळ्यांपुढे आले. आणि सात पेठांच्या कोरड्या घागरीही आल्या. मग त्यांनी महाराजांकडे थेट पाहिले आणि म्हणाले, "हौद कोरडा."

विसोपंतांनी दोन बोटे मिटिली. महाराज हातातला विडा ठेवून उठले आणि बोलिले, "पंप चालवा." स्वार खाली दौडले, कुलूप काढिले, कळ फिरविली, आणि दीड घटकेत पाणी वर चढले. हंडे तळाशी किंचित लागले, आणि व्याह्यांनी विचारिले, हा खमंग वास कोणत्या मसाल्याचा, आणि आचाऱ्याने सांगितले, गडाचा. लग्न यथासांग जाहले.

वऱ्हाड गेल्यावर चौकशी बसली. महाराजांनी प्रथम सेन्सराचा निवाडा केला जे, यंत्रास मायना आजपासोन माफ, दोन शब्द बोलावे आणि निजावे. विसोपंतांस हा घाव होता, परंतु मोठा मनुष्य घावही आपणच मारिला ऐसे दाखवितो. ते बोलिले, "आमचेही तेच म्हणणे. मायना हा मनुष्याचा मान. हौदाने तो बोलणे हाच मुळी मायन्याचा उपमर्द होता. परंतु सटवाजी हा मनुष्य, आणि मायना न बोलता बोलिला. कायद्याप्रमाणे वतन जप्त." महाराजांचे तोंड उतरले. पाणी सटवाजींचे, कायदा पंतांचा, दोन्ही खरे. तेव्हा इभ्राम कारीगर हात जोडोन पुढे आला आणि पुसता जाहला, "पंत, एक शंका. हा हौदापाशी बारा महिने असतो ना?" "असतो." "पाणी किती ते पाहतो?" "पाहतो." "चाकरीत निजतो, असे आपणच सांगितले." "आम्ही काय, सारा गड सांगेल." "आणि त्या दिवशी मजकुराचे किती शब्द बोलिला?" पंतांनी बोटांवर मोजिले. "दोन." "मग हा मनुष्य कशावरून?" इभ्राम बोलिला. "हा माझ्या यादीत घालावयाचा राहिला, ही चूक माझी."

महाराजांनी पंतांकडे पाहिले आणि पंतांनी छताकडे पाहिले. मग महाराज सटवाजींस बोलिले, "हौदकर, मनुष्य राहाल तर वतन जाते. यादीत जाल तर हौद तुमचा, झोप तुमची, बॅटरीच्या ठिकाणी दोन वेळ भाकर. काय म्हणता?" सटवाजी अंमळ विचार करोन बोलिले, "मान्य आहे." पंतांनी शब्द मोजिले, ते दोनच भरले. मग विसोपंतांनी आपल्या हाताने यादीत 'हौद, दुसरा' ऐसे लिहिले आणि अनुक्रमांक दिला, आणि सटवाजींनी नियमाप्रमाणे राउटराजवळ उभे राहोन परवलीचा शब्द उच्चारिला. घरी बायको तानूबाई यांस वर्तमान सांगितले तेव्हा त्या भाकरी थापीत बोलिल्या, "मग फरक तो काय पडला? चाळीस वर्षे दोनच शब्द बोलता आणि निजता. मला कोणी यंत्र म्हणून सांगितले असते तर मी भांडले तरी नसते."

येणेप्रमाणे वर्तमान जाहले. मायना अक्षरशः शाबूत राहिला, पंतांचा शब्द खाली पडला नाही, पाणी वेळेवर चढते, आणि त्या राज्यात आता मनुष्ये एक कमी व यंत्रे एकशे एक आहेत. पुढे बहुत लोकांनी यादीत नाव घालावे म्हणोन अर्ज केले. ते अर्ज पूर्ण मायन्यासह असल्याकारणे चिटणिसांनी नामंजूर केले. इति.