तुळजण्णांची सेकंड शिफ्ट

दर रविवारी चार वाजता आमच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर अडुसष्ट वर्षांचा एक माणूस इस्त्रीचा शर्ट घालतो, घरातल्या घरात बूट चढवतो, गळ्यात बेस गिटार अडकवतो आणि रिकाम्या हॉलला विचारतो, "रेडी?" मग तासभर वाजवतो. तेही अख्खं गाणं नाही, त्यातला फक्त आपला वाटा. धुम् धुम् धुम्, धुम् धुम् धुम्. ज्यांनी बेस गिटार ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: चार जाड तारांचं हे वाद्य बँडमध्ये असलं तर कुणाच्या लक्षात येत नाही, आणि एकटं असलं की वरचे लोक कपाट सरकवताहेत असं वाटतं.

त्यात मध्येच थांबतात. मग पुन्हा तोच तुकडा. मग पुन्हा तोच. कधी कधी दहा-बारा वेळा.

यांचं नाव तुळजोजीराव. सगळे तुळजण्णा म्हणतात. मी या इमारतीच्या असोसिएशनचा सेक्रेटरी आहे, म्हणजे लोकांना फुकट मिळालेला कान आहे, त्यामुळे तक्रारीचे सगळे फोन मलाच. आणि आधीच सांगून ठेवतो बाप्पा, या प्रकरणात मी निष्पक्ष वगैरे काही नाही. हा माणूस माझ्या तरुणपणीचा हिरो आहे. कुणाला चालत नसेल तर न चालो.

वीसेक वर्षांपूर्वी मी नागपूरहून इकडे कन्नड मुलुखात, बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात नोकरीला आलो. कन्नड शून्य. खोलीखालच्या हॉटेलात वाढपी सांबाराची बादली घेऊन फिरायचा आणि गिऱ्हाइकं तृप्त चेहऱ्यानं हात वर करून म्हणायची, "साकु, साकु!" मी समजलो, साकु म्हणजे वाहवा. चेहऱ्यावर समाधानच असं असायचं, माझी काय चूक?

त्याच महिन्यात कारखान्यातल्या पोरांनी मला इंदिरानगरच्या एका गल्लीतल्या बारमध्ये नेलं. बिअरच्या क्रेटवर फळ्या टाकून केलेलं स्टेज, त्यावर तीन माणसं. फिलिप गायचा आणि गिटार वाजवायचा, सिद्दू ड्रमवर, आणि मागे पंख्याखाली मिशा पिळलेले तुळजण्णा. तिघंही बोम्मसंद्र्यालाच पहिल्या शिफ्टला. तीनला सुटायचे, सातला बारमध्ये उभे. म्हणून बँडचं नाव 'सेकंड शिफ्ट'. गाणी फिलिपनं स्वतः जुळवलेली, कन्नड-तमिळ-इंग्रजीची मिसळ: कॅन्टीनच्या पातळ डाळीवर, फोरमनच्या टकलावर, ओव्हरटाइमवर. मला एक शब्द कळला नाही, पण अंगावर काटा आला. मी खुर्चीवरून उठलो, दोन्ही हात वर केले आणि जीव तोडून ओरडलो, "साकु! साकु!"

अख्खा बार चिडीचूप. तुळजण्णांनी गाणं अर्ध्यात टाकलं आणि बेस गळ्यात, वायर मागे फरफटत माझ्या टेबलाशी आले. कन्नडमध्ये काहीतरी विचारलं. मला वाटलं, कौतुक कमी पडलं. तुंबा म्हणजे खूप, एवढं मला येत होतं. म्हटलं, "तुंबा साकु!"

"यावूरु?" म्हणजे गाव कोणतं.

"नागपूर."

मिशा हलल्या आणि माणूस एकदम मराठीत आला. "अरे गाढवा, साकु म्हंजे पुरे! पुरे करा म्हणून बोंबलायलास की तू!" मी घामाघूम. "बस खाली. आता तीन गाणी जास्ती ऐकायची. शिक्षा. अष्टे."

अष्टे म्हणजे एवढंच, विषय संपला. तुळजण्णांचं प्रत्येक बोलणं या शब्दावर संपतं. मी तीन गाणी कसली, पुढली सात वर्षं दर शनिवारी शिक्षा भोगली. माझं नाव त्यांनी कधी विचारलं नाही. मी त्यांच्यासाठी 'नागपूर'. त्यांचं घराणं मराठी, पण चार शतकांपासून इथलं. "आमचे लोक घोड्यावर बसून आले," ते म्हणत, "तुम्ही स्लीपर बसमध्ये झोपून."

आता, या शहराचा एकच मंत्र आहे: 'स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी', जरा सांभाळून घ्या. तिघांच्या बाकावर चौथा बसतो, तो हेच म्हणतो. दहाचा माणूस बाराला उगवतो, तोही हेच म्हणतो. तुळजण्णांना हा मंत्र ऐकला की मस्तकात तिडीक जाते. रिक्षावाला म्हणाला तर हे खाली उतरून चालायला लागणार. एकदा बारमालक म्हणाला, अण्णा, आवाज स्वल्प कमी करा. हे म्हणाले, "तुम्ही बिअरमधलं पाणी स्वल्प कमी करा." कुणी सिनेमाचं गाणं मागितलं तर फिलिप बिचारा वाजवायला तयार असे. तुळजण्णा भिंतीकडे तोंड करून उभे राहत. गाणं संपेपर्यंत.

शेवटी यावरूनच बँड मोडला. फिलिपला लग्नाच्या रिसेप्शनची कामं घ्यायची होती, मुलगी कॉलेजात होती. तुळजण्णा म्हणाले, "लोक पापड खातील आणि मी वाजवू? जमणार नाही. अष्टे." दोघांचं बोलणं बंद झालं ते बारा वर्षं. सिद्दू गावी जाऊन शेतीला लागला. बार पाडला. आता तिथं काचेची इमारत आहे, बाहेर 'लाइव्ह म्युझिक'ची पाटी आणि आत एक पोरगा लॅपटॉप घेऊन बसलेला असतो. तिथून जाताना अजून माझं डोकं फिरतं.

पुढे मी इलेक्ट्रॉनिक सिटीत आयटीत शिरलो, तिथंच फ्लॅट घेतला, आणि चार वर्षांपूर्वी लिफ्टमध्ये समोर कोण, तर पांढऱ्या मिशांचे तुळजण्णा! रिटायर होऊन, बायको गेल्यावर, एकटे राहायला आलेले. मला नीट न्याहाळून म्हणाले, "काय रे नागपूर, सुटलास की." पोटाबद्दल होतं ते.

बेस मात्र पेटीत बंद होता. गेल्या वर्षी एका रविवारी अचानक सुरू झाला.

दुसऱ्या मजल्यावर, बरोबर त्यांच्याखाली, केतन राहतो. पुण्याचा, तिशीतला, 'बेसिकली'शिवाय ज्याचं वाक्य सुरू होत नाही. "सर, बेसिकली हे म्युझिकच नाहीये. सेम लूप, फिफ्टी टाइम्स! सोमवारी मीटिंगमध्ये माझ्या डोक्यात तेच वाजतं." खोटं का बोला, पोराचं म्हणणं रास्त होतं. असोसिएशनमध्ये ठराव झाला: तुळजण्णांनी हेडफोन लावून वाजवावं.

मी स्वतः हेडफोन घेऊन गेलो.

"हे केतनच्या कानाला लाव."

"अण्णा, मग आवाज तरी कमी करा."

"कमी होत नाही."

"काहून होत नाही? बटण आहे ना समोर!"

"नागपूर, होत नाही म्हटलं की होत नाही. अष्टे."

मी चिडलो. म्हातारपणी हट्ट वाढतो म्हणतात, पण काही मर्यादा? पुढच्या मीटिंगमध्ये सगळे एकमतानं म्हणाले, आता लेखी नोटीस: या रविवारी मोठ्यानं वाजलं तर अ‍ॅम्प उचलून खाली वॉचमनच्या खोलीत. अ‍ॅम्प म्हणजे बेसचा आवाज वाढवणारी ती पेटी. ती नेली की वाजवणंच संपलं. त्या नोटिशीवर मी सही केली. सांगायला लाज वाटते, पण केली.

रविवारी चार वाजून पाच मिनिटांनी नोटीस खिशात घालून वर गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. हॉलमध्ये तुळजण्णा, बूट, इस्त्रीचा शर्ट, बेस. समोर एक स्टूल, स्टुलावर फोन. फोनमधून बाईचा आवाज येत होता. "अण्णा, बसवलंय त्याला. सुरू करा."

आवाज मी ओळखला. फिलिपची बायको, मेरीअक्का. बारमध्ये कधी कधी यायची, आमच्यासाठी केक आणायची.

तुळजण्णांनी मला डोळ्यांनीच बस म्हटलं आणि सुरू केलं. धुम् धुम् धुम्. आठ ठोक्यांनी थांबले, फोनकडे पाहिलं. फोन गप्प. पुन्हा तोच तुकडा. पुन्हा फोनकडे नजर. बोटं चालू ठेवून हळूच म्हणाले, "फिलिप आहे. कोलारला, पोरीकडं. गेल्या वर्षी झटका आला आणि बोलणं गेलं. पाणी म्हणता येत नाही. मेरी म्हणता येत नाही."

मी समोरच्या खुर्चीत टेकलो.

"मी भेटायला गेलो. काय बोलायचं? बारा वर्षं मीच बोललो नव्हतो. त्याच्या खाटेच्या दांड्यावर बोटांनी आमचं गाणं वाजवत बसलो, आणि हा गायला लागला की रे! शब्दांसकट. डॉक्टर म्हणाला, होतं असं, बोलणं जातं आणि गाणं राहतं. पण पहिलं बेस पायजे. नुसतं गा म्हटलं तर येत नाही."

"आणि आवाज?"

"फोनमधून खालचे सूर जात नाहीत. मोठ्यानं वाजवलं की स्वल्प पोचतात."

खिशातली नोटीस मला एकदम जड वाटायला लागली. "अहो, मग हे मीटिंगमध्ये सांगायचं ना! कुणी नाही म्हटलं असतं?"

बोटं थांबली नाहीत, पण डोळे वटारले. "काय सांगू? फिलिप आजारी आहे, दया करा? बँड आहे आमचा. बँडला परवानगी द्यायची तर दे. आजाराला नको."

तेवढ्यात बेल वाजली. केतन. मी दार अर्धवट उघडलं आणि मध्ये उभा राहिलो.

"सर, नोटीस दिलीत ना? मग हे काय? बेसिकली..."

मागे तुकडा सातव्यांदा, आठव्यांदा. मेरीअक्का म्हणाली, "आज राहू द्या अण्णा. दमलाय तो."

"येईल," तुळजण्णा म्हणाले. नववा. दहावा. घाम गळ्यापर्यंत आला होता, इस्त्री केव्हाच गेली होती.

"सर, मला आत येऊ द्या, मीच बोलतो त्यांच्याशी..."

"चूप बे!" मी ओरडलो. इतक्या वर्षांत या इमारतीत मी कुणाला बे म्हटलं नव्हतं.

आणि फोनमधून आवाज आला. चिरका, घसरलेला, पण फिलिपचाच. "बस्सु होय्तु... नानु इल्ले..." बस गेली, मी इथंच. कंपनीची बस चुकलेल्या माणसाचं ते गाणं. बारमध्ये त्यावर आम्ही हसून हसून टेबलं बडवायचो.

तो ठोक्यावर नव्हता. चांगला दोन ठोके मागे होता. याच चुकीसाठी बारमध्ये भर गर्दीत त्यानं तुळजण्णांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. आज तुळजण्णा प्रत्येक ओळीला एक सूर धरून ठेवत होते, तो येईपर्यंत. आला की पुढे. पुन्हा थांबायचं. पुन्हा पुढे.

गाणं संपलं. तुळजण्णा फोनजवळ वाकले आणि कन्नडमध्ये कडाडले, "दुसऱ्या कडव्यात कुठं गेला होतास? झोपलेलास काय? पुढल्या रविवारी असलं खपवून घेणार नाही!"

पलीकडे फिलिप हसला. मोठ्यानं, पोटातून. मग मेरीअक्काचं रडू ऐकू आलं आणि फोन बंद झाला. तुळजण्णा पाठ करून वायर गुंडाळत बसले. चार हात वायर, गुंडाळून संपेचना. मीही दारात उभा राहून रडत होतो, आणि मला त्याची काडीची लाज वाटली नाही.

"सर," केतन हळूच म्हणाला, "कोण होतं ते?"

"बँड आहे," मी म्हटलं. "तुझी तक्रार कितीही वेळा लेखी दे, मी सेक्रेटरी आहे तोवर ती पुढे जाणार नाही. मला काढायचं असेल तर खुशाल मीटिंग बोलाव. फक्त रविवारी चारला नको. त्या वेळी आम्ही कामावर असतो."