मौनात निष्णात

माणूस पदवीपर्यंत शिकतो तो नोकरी मिळावी म्हणून, आणि त्यापुढे शिकतो तो ती मिळाली नाही हे पाहुण्यारावळ्यांना कळू नये म्हणून. हे सत्य ओळखून एका विद्यापीठाने पदवीचे खालचे वर्ग मुळात ठेवलेच नव्हते. पाया कुणीही घालावा, आम्ही फक्त गच्ची बांधू, असं त्याचं उदात्त धोरण होतं. इथे मिळे ती 'निष्णात' ही पदवी. स्नातक म्हणजे ज्याची आंघोळ झाली तो; निष्णात म्हणजे ज्याची चांगली चोळून झाली तो. निकाल अठ्ठ्याण्णव टक्के. (उरलेले दोन टक्के परीक्षेला आलेच नाहीत, त्यांना पुढच्या वर्षी शिकवायला घेतलं.)

या विद्यापीठाच्या 'बालसंगोपन निष्णात' अभ्यासक्रमाला तिने प्रवेश घेतला, कारण तिचा मुलगा दोन वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता.

डॉक्टरांनी त्याचे कान पाहिले, घसा पाहिला आणि म्हणाले, "बोलेल हो, घाई काय आहे?" इतक्या गहन प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देणारा माणूस तिला उथळ वाटला. सासूबाई म्हणाल्या, "याचा बापही उशिराच बोलला. आणि बोलून तरी काय मोठे दिवे लावलेत!" हे तर निव्वळ अनुभवाचे बोल. तिला पुरावा हवा होता.

प्रवेशाची अट साधी होती: उमेदवाराकडे किमान एक मूल, चालू स्थितीत. (दोन असल्यास थेट दुसऱ्या वर्षाला. तीनवाल्यांना प्राध्यापकच घाबरत.) पहिल्या सत्राला 'अंगाईचा इतिहास' आणि 'भरवणे: सिद्धान्त' हे विषय. 'भरवणे: प्रात्यक्षिक' हा ऐच्छिक विषय शिक्षकांअभावी बंद होता. मार्गदर्शक सरांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे त्यांची दृष्टी निर्मळ होती. तिचा विषय ऐकताच ते खूश झाले. "बाळाचं मौन! वा, मॅडम! यावर अजून कुणी काही बोललेलंच नाही."

ती झपाटून कामाला लागली. तोंडात चमचा घालून गप्प, खिडकीला नाक लावून गप्प, दूध सांडून गप्प, असे मौनाचे सतरा प्रकार तिने वेगळे काढले. तो मांडीवर चढू लागला की ती त्याला अलगद खाली ठेवी, कारण निरीक्षकाने हात लावला की निष्कर्ष बिघडतात.

"अगं, त्याच्याशी जरा बोल तरी," नवरा म्हणाला.

"म्हणजे बाहेरचा प्रभाव पडेल! तूसुद्धा त्याच्यासमोर तोंड उघडू नकोस."

घर इतकं शास्त्रशुद्ध गप्प झालं की शेजारीण डोकावून गेली. "भांडण झालंय का हो? सांगा ना, मन मोकळं होतं."

प्रबंध सादर करायला आठवडा राहिला असताना मुलगा बापाच्या बुटात घरातले सगळे चमचे भरून, तो बूट दोन्ही हातांनी सावरत तिच्यासमोर उभा राहिला आणि खणखणीत म्हणाला, "आई, बघ की!"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पाठोपाठ डोळ्यांसमोर चौथं प्रकरण आलं. त्याचं नाव होतं 'मौनाची अखंडता'.

तिने सरांना फोन लावला. "सर, तो बोलला!"

पलीकडे मौन. (प्रकार तिसरा: दूध सांडल्यानंतरचं.)

"कुणी ऐकलं का?"

"फक्त मी."

"मग मॅडम, सिद्ध होत नाही. तोंडी परीक्षेपर्यंत गप्प ठेवा त्याला. पुढे काय, जन्मभर बोलायचंच आहे."

ती मुलासमोर उकिडवी बसली. "राजा, श्श! आईची परीक्षा आहे ना? झाली की खूप खूप बोलायचं हं." मूल गुणी होतं. त्याने ओठांवर बोट ठेवलं आणि बूट सांभाळत तो आजीच्या खोलीत गेला. थोड्या वेळाने आतून त्याचा आवाज आला. कालच्या गोष्टीतल्या अस्वलाचं पुढे काय झालं, असं तो विचारत होता.

"हळू बोल रे सोन्या," सासूबाई म्हणाल्या, "रोज सांगते ना, आईचा अभ्यास चाललाय."

कालची गोष्ट. रोज. ती दारापर्यंत गेली, कडीवर हात ठेवून उभी राहिली. मग तिला आठवलं, संदर्भसूची अजून व्हायची होती.

तोंडी परीक्षा उत्तम झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी आस्थेने विचारलं, "मुलगा आता कसा आहे?"

"माझ्याशी बोलत नाही," ती म्हणाली.

"छान!" त्यांनी शेरा लिहिला: निष्कर्षाला दुजोरा मिळतो. प्रथम श्रेणी.

हसा खुशाल. पण मघाशी पलीकडच्या खोलीतून तुम्हालाही कुणीतरी हाक मारली, आणि तुम्ही मान वर न करता "हं" म्हणालात. तुमच्यासारख्यांना विद्यापीठ परीक्षा घेत नाही, मानद पदवी देतं. ती घेऊन माणूस तुमच्या दारात आलाय. उघडा की. का एवढं वाचून होऊ दे?