आला की आणला?

मैना मांजराच्या तोंडात होती आणि मांजराची शेपटी मुकादमांच्या हातात. मांजर उलटं वळून त्यांचं मनगट ओरबाडत होतं. सोडायला दोघंही तयार नव्हते.

"काकी, मारू नका! पक्षी दचकेल!" मुकादम ओरडले.

मी ऐकलं नाही. वॉचमनचा खराटा भिंतीला टेकलेला होता, तो उचलला आणि मांजराच्या पाठीत घातला. मांजर गाड्यांखाली पळालं, मैना जमिनीवर पडली. मी तिला पदरात घेतली. मुकादमांच्या हातातून रक्त गळत होतं. ते वाकून विचारतात, "श्वास चालू आहे का?"

"कुणाचा?"

"मैनेचा हो!"

यावरून माणूस कसा आहे ते थोडंफार कळेल. बाकीचं सांगते.

इब्राहिम मुकादम मस्कतला मदिनत सुलतान काबूस भागातल्या आमच्याच इमारतीत, तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत एकटे राहतात. मूळचे रत्नागिरीकडचे, समुद्रकाठचे. वय सत्तावन्न. शेजारच्या कुरुम भागात एका ऑफिसात बत्तीस वर्षं एकच काम करतात. बंदरावर माल उतरला की त्याचे कागद भरायचे. माल कुठला, कुठं चढला, कुणी पाठवला. हे भरून भरून त्यांच्या डोक्यात एक प्रश्न जो रुतून बसलाय तो निघत नाही. आला की आणला?

हा प्रश्न खरं तर पाखरांसाठी. मुकादमांना पाखरांचं वेड आहे. परक्या मुलखातलं एखादं पाखरू इथं दिसलं आणि ते आपल्या पंखांनी उडत आलेलं असलं, तर ते खरं. त्याची देशाच्या यादीत नोंद होते आणि ज्यानं पाहिलं त्याचं नाव लागतं. तेच पाखरू कुणी पिंजऱ्यात घालून आणलं आणि ते सुटलं, तर त्याला किंमत नाही. "आणलेल्यांशी मला कर्तव्य नाय," असं मुकादम म्हणतात. या शहरात साध्या मैना आणि राघू थव्यांनी आहेत. सगळी पिंजऱ्यांतून सुटलेल्यांची पिलावळ, असं त्यांचं मत. ते त्यांच्याकडं मान वर करून बघायचेसुद्धा नाहीत.

पण हळूहळू हा प्रश्न ते सगळ्यालाच विचारायला लागले. आंब्याची पेटी दिसली, आला की आणला? वरच्या मजल्यावर कुणाचा जावई दिसला, आला की आणला? मी इथं येऊन चार दिवस झाले होते तेव्हा जिन्यात भेटले आणि पहिलं वाक्य हेच. "काकी, तुम्ही आलात की आणलं?"

"मुलानं आणलं," मी म्हणाले. "गावी एकटी होते. घराला कुलूप त्यानंच लावलं आणि किल्लीही त्यानंच खिशात घातली."

"म्हणजे आणलेल्या," असं म्हणून मान हलवली आणि गेले.

मला राग आला. पण बाकीचे लोक "कसं वाटतंय मस्कत?" विचारायचे आणि उत्तर ऐकायच्या आत लिफ्टमध्ये शिरायचे. याने निदान उत्तर ऐकून घेतलं होतं.

शुक्रवारी सुटी असते. लोक समुद्रावर जातात. मुकादम सांडपाण्याच्या तळ्यावर जातात, कारण चांगली पाखरं तिथं उतरतात. एकदा मलाही नेलं. मी नाकाला पदर लावून उभी आणि हे दुर्बिणीतून बघत म्हणतात, "काकी, वास विसरा, पाय बघा त्याचे!" काडीसारख्या पायांचं एक करडं पाखरू घाणीत उभं होतं. मी म्हणाले, "याचा निकाल लागला का?"

"हा आलेला आहे," मुकादम म्हणाले. नवरामुलगा पसंत पडल्यासारखा चेहरा.

परतताना गाडीत त्यांनी मला एक अडचण सांगितली. समजा एक पाखरू मुंबईला जहाजाच्या डोलकाठीवर बसलं आणि इथं उतरलं. ते आलं की आणलं? बरीच वर्षं झोप लागली नव्हती म्हणे यावर.

"तिकीट कुणी काढलं?" मी विचारलं.

मुकादमांनी गाडी कडेला घेतली आणि ते वहीत लिहून घेतलं. माझं शिक्षण चौथीपर्यंत. माझं बोलणं कुणी लिहून घेतलंय असं तोवर कधी झालं नव्हतं.

नोंदी तपासायला इथं एक कमिटी आहे. मुकादमांनी त्यांना आजवर अकरा पाखरं कळवली. अकराही वेळा उत्तर आलं, बहुधा पिंजऱ्यातून सुटलेला. ती पत्रं त्यांनी प्लॅस्टिकच्या फोल्डरात नीट लावून ठेवलीत. "एक पक्षी माझ्या नावावर लागू दे काकी," म्हणायचे. "बत्तीस वर्षं लोकांच्या मालावर लोकांची नावं लिहिली."

फेब्रुवारीत एका सकाळी मुकादम दारात आले. आवाज अगदी खाली. "काकी, चपला घालू नका, आवाज होतो. चला."

मागच्या कडुनिंबाखाली एसीचं पाणी ठिबकून डबकं होतं. तिथं एक पाखरू पाणी पीत होतं. डोक्यावर चोपून मागं फिरवलेले काळे केस, पोट तांबूस. मुकादम कॅमेरा घेऊन जमिनीवर आडवे झाले.

"ही?" मी म्हणाले. "ही तर फलटणला आमच्या शेळ्यांच्या मागं हिंडते. उकिरड्यावर खंडीभर असतात."

"भांगपाडी मैना! तुम्हा घाटी लोकांना कदर नाय!"

"कोकणातल्या माणसानं उकिरड्यावरच्या पाखरासाठी अनवाणी चालावं म्हणजे कमाल झाली."

त्यांना ऐकू गेलं नाही. त्याच संध्याकाळी फोटो गेले आणि दोन दिवसांत उत्तर आलं. त्यात 'बहुधा' हा शब्द नव्हता. महत्त्वाची नोंद वाटते, जास्त तपशील पाठवा, असं होतं. मुकादमांनी ते मला चार वेळा वाचून दाखवलं, तीनदा मराठीत आणि एकदा इंग्रजीत, मला येत नसताना. वारा पूर्वेचा होता, मैना आपणहून समुद्र ओलांडून आली, हे ते पटवणार होते. ऑफिसला जायच्या आधी तासभर गाडीमागं आडवे पडून राहायचे. त्यातच सहाव्या दिवशी ते मांजर आलं.

हाताला सहा टाके पडले. डॉक्टरनं इंजेक्शनसाठी विचारलं, "मांजर पाळलेलं होतं की भटकं?" मुकादम दुखणं विसरले. हा प्रश्न दुसऱ्या कुणाच्या तोंडून त्यांनी जन्मात पहिल्यांदा ऐकला होता. डॉक्टरला त्यांनी अर्धा तास बसवून घेतलं.

मैना माझ्याकडं राहिली. धुण्याची जाळीची बास्केट उपडी घातली, जखमेला हळद लावली, भिजवलेली डाळ आणि खजूर दिला. सुनेनं नाक मुरडलं, पण स्वयंपाकघर माझं होतं. तिसऱ्या दिवशी मैना माझ्या बोटावरून डाळ घ्यायला लागली, आणि तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. मी जन्मभर कोंबड्या पाळल्या आहेत. मैना हातात धरली आणि उलटी करून पाहिली.

मुकादम संध्याकाळी चहाला आले तेव्हा म्हणाले, "हिची नखं बघा."

"काय झालं नखांना?"

"मातीत हिंडणाऱ्या पाखराची नखं झिजतात. ही वाढून वळलीत. शेपटीची टोकं बघा, जाळीवर घासून एका रेषेत तुटलीत. मुकादम, ही आणलेली आहे."

त्यांच्या चहावर साय धरली. मग हळूच म्हणाले, "मी कालच पाहिला काकी. टाक्यांच्या हातानं धरली होती तेव्हाच."

"मग?"

"फोटोत नखं दिसत नाय. गवतात आहेत."

एवढंच बोलून उठले. अकरा पत्रांनंतर बाराव्याला हो येणार होतं, आणि ते खोटं आहे हे आम्हा दोघांशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. दोन दिवस मुकादम आमच्याकडं फिरकले नाहीत.

तिसऱ्या दिवशी दारावर एक माणूस आला. बाजारात पिंजरे आणि पाखरं विकणारा. हातात जाळी. "अम्मा, वॉचमन बोला आपके पास मैना है. मेरी है, भाग गई थी."

मी दार अडवून उभी. तो खरं बोलत होता, पण मी बाजूला झाले नाही. तेवढ्यात जिन्यावरून मुकादम आले, ऑफिसचे बूट, गळ्यात ओळखपत्र.

"तुम्हारी है?" त्यांनी विचारलं. "कागज दिखाओ."

"कागज? चिडिया का?"

"किस मुल्क से चढी, किस बंदर पे उतरी, किसने भेजी, किसने छुडाई. बत्तीस साल से यही काम करता हूं. बगैर कागज का माल मैं अपने मालिक को, अर्बाब को भी नहीं देता."

"साहब, सबको मालूम है, मैना तो..."

"ये अपने आप आई है. हिंदुस्तान से. समंदर पार करके. खलास, यल्ला, निकलो."

तो माणूस जाळी खांद्यावर टाकून पुटपुटत उतरला. मी मुकादमांकडं पाहिलं. त्यांचे कान लाल झाले होते.

"खोटं बोललात," मी म्हणाले.

"पिंजरेवाल्याशी चालतो. कमिटीशी नाय बोलणार."

आणि नाही बोलले. त्याच संध्याकाळी माझ्यासमोर बसून नखांचे फोटो काढले आणि पाठवून दिले. पाठवताना नाक शिंकरत होते. हळदीनं होतं म्हणाले. कमिटीचं उत्तर आलं ते फोल्डरात बारावं लागलं. खरं कळवल्याबद्दल आभार मानले होते आणि खाली एक ओळ होती. पिंजऱ्यात वाढलेलं असं पाखरू सहसा इथला उन्हाळा काढत नाही.

शुक्रवारी उजाडताच आम्ही बास्केट कडुनिंबाखाली नेऊन उचलली. मैना मागच्या भिंतीवर जाऊन बसली आणि तिथंच राहिली.

मे लागला. इथला उन्हाळा ज्यानं पाहिला नाही त्याला काय सांगायचं. सकाळी सातला दाराची कडी हाताला भाजते. लोकांनी सुटी काढून गावाला जायचे दिवस. मीही दर वर्षी जाते, पण यंदा म्हटलं नको, विमानात पाय सुजतात. मुलगा म्हणाला, "आई, मागच्या वर्षी तर पाय सुजून पण गेलीस." मी म्हणाले, "तुझं तू बघ."

जूनमध्ये एक दिवस दुपारी एक वाजता खिडकीतून खाली पाहिलं. बाहेर कुत्रंसुद्धा नव्हतं. मुकादम होते. डोक्यावर ओला रुमाल, हातात पाण्याचा मोठा कॅन. कडुनिंबाच्या सावलीत बिर्याणीचा जुना पसरट तसराळा ठेवला होता, त्यात पाणी ओतत होते. मैना भिंतीवरून उतरली. तिच्यामागनं साध्या मैना, राघू, चिमण्या, सगळी गर्दी उतरली. तसराळा रिकामा झाला. मुकादमांनी परत भरला. जेवणाच्या सुटीत कुरुमहून गाडी हाकत आले होते. वॉचमनला विचारलं तर म्हणाला, महिनाभर रोज येतात.

मी खाली गेले. "जेवलात?"

"जेवीन नंतर."

"यंदा तुमच्या सुटीचं वर्ष ना? गावी घरची माणसं वाट बघत असतील."

त्यांनी कॅनचं झाकण लावायला जरा वेळ घेतला.

"घरी गेलो काय चौथ्या दिवशी विचारतात, परत कधी? वाईट नाय त्यांच्या मनात. माझी सवय नाय राहिली त्यांना. खाटेची जागासुद्धा दर वेळी नवीन असते." मग एका राघूला हातानं बाजूला सारून म्हणाले, "हा बघा, हावरट. तिला पिऊ देत नाय."

मी समजूत घातली नाही. मला येत नाही. दुसऱ्या दिवसापासून सकाळचं आणि संध्याकाळचं पाणी मी घ्यायला लागले, आणि दुपारी ते आले की भाकरीचा डबा खाली घेऊन जायचा. गाडीत एसी लावून ते जेवायचे आणि मी शेजारी बसून बघायची. काचेबाहेर मैना चोच उघडी टाकून धापा टाकत बसलेली. जुलैत दोन दिवस दिसलीच नाही. दोन्ही दिवस मुकादम जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी एसीच्या पेटीमागनं निघाली, पिसं विस्कटलेली, पण तसराळ्यावर सगळ्यांच्या आधी.

ऑक्टोबरात उकाडा सरला आणि सकाळी खिडकी उघडी ठेवता यायला लागली. उन्हाळा तिघांनी काढला. मैनेनं, मुकादमांनी आणि मी.