टोमॅटो लाल झाल्याबद्दल

काकूंचे टोमॅटो परदेशी गेले नाहीत. पण हे आपल्याला अजून माहीत नाही असं धरून चालू.

तर सोमवारी सकाळी काका-काकू हिरव्यागार टोमॅटोच्या दोनशे पेट्या घेऊन निर्यात तपासणीच्या कार्यालयात पोचले. अख्ख्या हंगामाचा माल, एकच परदेशी गिऱ्हाईक आणि शनिवारचं जहाज. बाजारातल्या दलालाला काकूंनी आदल्याच दिवशी सुनावलं होतं, "आता आमचा माल जहाजातून जाणार, तुमच्या पायरीला लागणार नाही." म्हणजे परतीचं दार काकूंनी स्वतःच्याच हाताने लावून घेतलेलं.

अर्ज काकांनी भरला. 'मालाचा रंग' या रकान्यात, माणूस सरळ असल्यामुळे, समोर दिसला तो लिहिला. हिरवा.

"साहेब रजेवर आहेत," कारकून म्हणाला. "गुरुवारी या."

"तोवर पिकतील हो ते."

"मावशी, इथे माझे केस पिकले."

गुरुवारी साहेबांनी पेटी उघडली, अर्ज पाहिला, परत पेटी पाहिली.

"हे लाल आहेत."

"टोमॅटो आहेत, साहेब," काका म्हणाले.

"अर्जातले हिरवे कुठायत?"

"हेच ते."

"पुरावा?"

काकूंनी काकांकडे पाहिलं. एकतीस वर्षांच्या संसारात ती नजर पाठ झालेली. काका मुकाट्याने दाराबाहेर जाऊन उभे राहिले. माल अर्जाशी जुळत नाही म्हणून साहेबांनी दोनशेच्या दोनशे पेट्यांना 'निर्यात नामंजूर'चं सील लावलं. शनिवारी जहाज मात्र अगदी वेळेवर सुटलं.

रविवारी काकू त्याच पेट्या घेऊन मान खाली घालून दलालाकडे गेल्या. तो मनाने वाईट नव्हता, फक्त त्याला वाचता येत होतं.

"वहिनी, पेटीवर परदेशी भाषा, वर सरकारी सील. हा बाहेरचा माल झाला. इथे विकायला आयात परवाना लागतो."

"अहो, आमच्या विहिरीमागच्या तुकड्यातले आहेत."

"मला माहितीये. पेटीला माहीत नाही."

आयात परवाना त्याच कार्यालयात मिळतो. सोमवारी कारकुनाने कोरा कागद पुढे सरकवला. बाहेर टेम्पोतून लालसर पाणी ठिबकत होतं.

"या वेळी रंग विचार करून लिहा," तो म्हणाला.

काकू सांगत गेल्या, काका लिहीत गेले:

'सदर टोमॅटो आमच्या शेतातून निघून कोठेही न जाता परत आलेले असल्याने त्यांना मायदेशी प्रवेश मिळावा. ते नियमात बसत नसल्यास त्यांना गेल्या सोमवारी होते तसे हिरवे करून मिळावे, ही नम्र विनंती.'